मधलं पद

तहूरा, वहीचा फोटो मिळाला.
सोहारच्या बंदरातून कॅम्पकडे येताना, बसमध्ये,
दोन बोटांनी मोठा करून पाहिला.
साइन अधिक कॉस, कंसाचा वर्ग.
तू लिहिलंस: साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग, म्हणून एक.
खाली दोन रेघा ओढल्यास,
दुकान बंद करून कुलूप लावावं तशा.
त्यावर खेडेकर बाईंचा लाल गोल.

'एक' आला की बरं वाटतं, खरं आहे.
मला दहावीला दोनदा बरं वाटलं होतं,
आणि दोनदा नापास झालो होतो.

पण रिगरला साइन येतो. तो हातातून येतो.
बीम दोन पट्ट्यांनी उचलायचा असला
की पट्टा जितका आडवा, तितका ताण जास्त.
तीस अंशांवर आलो की
एकेका पट्ट्यावर अख्ख्या बीमचं वजन.
निम्मं-निम्मं वाटून घेतील असं जो समजतो
त्याच्या खाली मी उभा राहत नाही.

जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन उन्हात काम बंद.
आज शेडच्या सावलीत, काँक्रीटवर,
टेप लावून, खडूने तुझा कंस काढला.
तीस अंशांचा.
अर्धा मीटर साइन, त्याला जोडून
साडेशहाऐंशी सेंटिमीटर आणि वर दोरा कॉस.
उभी बाजूही तशीच.
एका कोपऱ्यात लहान चौरस, समोरच्या कोपऱ्यात मोठा.
त्या दोघांची बेरीज एक, तिथं तुझं चुकलं नाही.
पण उरलेल्या दोन कोपऱ्यांत
दोन लांबट आयत पडून होते,
साइन गुणिले कॉस, साइन गुणिले कॉस.
तू तिकडे फिरकलीच नाहीस.

सालिम बलुशी चहाचा कप घेऊन वाकला.
म्हणाला, हे काय, जैब?
त्यांच्या शाळेत साइनला जैब म्हणतात. जैब म्हणजे खिसा.
म्हणतो, शब्द तुमच्याकडचाच,
आमच्या लोकांनी ऐकला एक आणि वाचला दुसरा.
तुमची जीवा होती.
मला वर्तुळातली जीवा आठवली, बाणकोटच्या शाळेतली,
फळ्यावर सुतळी ताणून दाखवलेली.
ती गलबतात बसून इकडे आली असेल
आणि उतरताना तिचा खिसा झाला.
सालिमने स्वतःच्या खिशातून खजूर काढून दिला.
बी मी आयतात ठेवली.

आता पुढचं गणित.
साइन अधिक कॉस बरोबर एक.
दोन्ही बाजूंचा वर्ग केलास, चांगलं केलंस,
आणि चार उत्तरं आली:
शून्य, नव्वद, एकशे ऐंशी, दोनशे सत्तर.
चारही लिहून मोकळी झालीस.
एकशे ऐंशी घालून बघ.
साइन शून्य, कॉस उणे एक. बेरीज उणे एक.
वर्ग करताना ते उणे पुसलं गेलं,
आणि तो दुसऱ्याच्या पासावर गेटातून आत आला.
दोनशे सत्तरही त्याच्याच मागून.
बाई ओरडतील, पण आधी माझं ऐक:
उत्तर मिळालं की ते घेऊन
पहिल्या ओळीपर्यंत परत जायचं.
तिथं चाललं तरच ते उत्तर.

मी महिन्याच्या पाच तारखेला जे पाठवतो
त्यात उणे कधीच नसतं.
ते जाऊ दे.

साडेतीनला भोंगा झाला. फोर्कलिफ्ट आली,
मोठ्या चौरसावरून चाकं गेली,
बी कुठं उडाली कळलं नाही.
आयत संध्याकाळपर्यंत दिसत होते.

ता. क. पंचेचाळीस अंशांचं तू स्वतः काढ,
अंगणात, कोळशाने, आईला झाडू नको म्हणावं.
तिथं चारही तुकडे सारखे येतात
आणि मधलं पद एकटंच भरतं एक.
आलं की फोटो पाठव.
रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, मी जागा असतो.